उत्तर अर्जेंटिनातली उमाउआका दरी नुसत्या रंगीत डोंगरासाठी बघायला जावं का?

फक्त तेवढ्यासाठी नका जाऊ. पुर्मामार्का गावामागचा तो सात रंगांचा डोंगर सकाळच्या उन्हात सुरेखच दिसतो, पण तासाभरात बघून होतो. या दरीकडे वाट म्हणून बघितलं तर ती कितीतरी जास्त देते.

हुहुय प्रांतात रिओ ग्रांदे नदीच्या काठाने सुमारे १५५ किलोमीटर पसरलेली ही दरी वरचं थंड, उजाड पठार आणि खालची उबदार मैदानं यांना जोडते. माणसांची इथून ये-जा दहा हजार वर्षांची. २००३ साली युनेस्कोने सबंध दरीच वारसास्थळ ठरवली ती त्यामुळेच. इंकांचा रस्ता इथून गेला. पुढे स्पॅनिश अमलात आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी मैदानात पोसलेल्या खेचरांचे तांडे इथूनच वर हाकले जायचे. माल ज्या वाटेने जातो त्या वाटेने फौजाही येतात. १८१२च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या राजाचं सैन्य उत्तरेकडून उतरू लागलं, तेव्हा स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेच्या जनरल बेल्ग्रानोने खालचं हुहुय शहर रिकामं करायला लावलं. लोक गुरंढोरं, धान्य घेऊन निघाले. जे नेता येईना ते शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जाळलं. हुहुयमध्ये दर ऑगस्टला अजून तो दिवस पाळतात.

इथे मोठी झाडं कमीच. त्यामुळे कार्दोन नावाच्या उंच निवडुंगाचं भोकाभोकांचं लाकूड जुन्या चर्चच्या छतांना आणि दारांना वापरलंय. बघाच.

तिल्काराला टेकडीवर इंकांच्याही आधीची वस्ती आहे. तिच्या माथ्यावर एक पिरॅमिड दिसेल आणि सगळे त्याच्यापुढे फोटो काढत असतील. तो १९३५ सालचा, तिथे उत्खनन करणाऱ्या संशोधकांचं स्मारक म्हणून बांधलेला! जुन्या वस्तीशी त्याचा काडीचा संबंध नाही. मला तर तो खटकतो.

जमलं तर कार्निव्हलला जा. गावाबाहेर दगडांच्या राशीत पुरलेला सैतान उकरून काढतात, कानामागे तुळशीच्या जातीतल्या अल्बाआकाची डहाळी खोवून नाचतात आणि शेवटी त्याला पुन्हा पुरतात. हेच लोक ऑगस्टमध्ये जमिनीत खड्डा करून पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, जेवण, चिचा म्हणजे मक्याची दारू आणि कोकाची पानं वाहतात, आणि चर्चलाही जातात.

२०२३च्या जूनमध्ये प्रांताची घटना बदलली, तेव्हा जमिनीच्या आणि लिथियमच्या खाणींच्या प्रश्नावर इथल्या आदिवासी समाजांनी पुर्मामार्काच्या फाट्यावर हाच रस्ता अडवला होता. त्यामुळे निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे ना, एवढं विचारून घ्या. कार्निव्हल नेमका पावसाळ्यात येतो आणि डिसेंबर ते मार्च दरडी, चिखलाचे लोट यांनीही वाट बंद पडते. उमाउआका गाव जवळपास ३,००० मीटरवर आहे, तेव्हा पहिला मुक्काम खाली करा.