ऑफिसच्या ईपीएबीएक्सवरून (बाहेरची लाईन ऑफिसातल्या सगळ्या फोनना वाटून देणारं मशीन) मुंबई-पुणे लागतं, पण जर्मनीच्या ग्राहकाला फोन लागत नाही. दोष कुठे असेल?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल निर्यातदारांची ही नेहमीची अडचण. आधी मशीन बाजूला ठेवा. बाहेरून आलेली लाईन साध्या फोनला थेट जोडून ००४९ आणि पुढचा नंबर फिरवा. तिथेही लागला नाही, तर बहुधा लाईनवर आयएसडीच, म्हणजे परदेशी कॉलची सोयच, बंद आहे. फोन कंपनीकडे अर्ज करून ती सुरू करून घ्या.

थेट लागला, तर दोष मशीनच्या सेटिंगमध्ये. ज्या एक्स्टेन्शनवरून (मशीनला जोडलेल्या आतल्या फोनवरून) कॉल करता, त्याला आयएसडीची परवानगी आहे का, ते पाहा. मग अंकांची मर्यादा तपासा, कारण खरी गोम बहुतेकदा इथेच असते. देशातल्या मोबाईलसाठी शून्य धरून ११ अंक पुरतात, म्हणून बसवणारा तेवढीच मर्यादा ठेवून जातो आणि परदेशी नंबर मध्येच तुटतो. ०० धरून १७ अंक जाऊ द्या.

ग्राहकाच्या कार्डावर (०) छापलेला असेल, तर ४९ नंतर तो शून्य गाळा. एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोन लाईन) असेल, तर नंबर ००ने पाठवायचा की +ने, हे कंपनीला विचारा.

आणि कृपा करून आयएसडी सगळ्या एक्स्टेन्शनना उघडू नका. मशीनमध्ये घुसून रात्रीतून परदेशी कॉल करणारे भामटे असतात, बिल मालकाला भरावं लागतं. एकदोन एक्स्टेन्शन, तीही पासवर्ड लावून.