कॅमेरा नंतर घ्या : माहितीपटाविषयी वाचकांचे प्रश्न

दूरचित्रवाणीसाठी माहितीपट करण्याविषयी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ विचारणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी निघाली. त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर: हाताशी आहे तो चालेल, पैसे माइक आणि ट्रायपॉडवर घाला. बाकीच्या पत्रांतली निवडक खाली देत आहोत.

पत्रकारितेची पदवी झाली आहे. माहितीपट करून पोट भरतं का? आणि शिरकाव कुठून करायचा? – एक वाचक, कोथरूड

फक्त आपल्या आवडीच्या विषयांवर माहितीपट करून घर चालवणारे फार थोडे. बहुतेकांच्या वर्षातला मोठा भाग सामाजिक संस्थांच्या कामाचं चित्रण, कारखान्यांच्या फिल्म, संग्रहालयातल्या पडद्यांसाठीची कामं आणि शैक्षणिक चित्रफिती यांत जातो. त्यातून उरलेला वेळ आणि पैसा स्वतःच्या विषयाला मिळतो. याची तयारी असेल तरच पुढे वाचा.

शिरकावाची सर्वांत चांगली जागा म्हणजे संशोधन सहायक. कॅमेरा सहायकाच्या जागेसाठी रांग असते, संशोधनासाठी माणूस मिळत नाही. काम असं: विषयाशी संबंधित पंधरा-वीस माणसांना फोन करायचे, त्यांतली कॅमेऱ्यासमोर बोलू शकतील अशी तीन-चार हेरायची, प्रत्येक सन आणि आकडा दोन स्वतंत्र ठिकाणी ताडून बघायचा, जुने फोटो कोणाकडे आहेत आणि हक्क कोणाचे याची यादी करायची. हे नीट केलंत की दिग्दर्शक दुसऱ्या कामालाही बोलावतो. त्यानंतर वर्षभर तरी संकलकाच्या शेजारी बसा. चित्रीकरणात काय राहून गेलं ते तिथेच कळतं.

शिक्षणासाठी पुण्यासारखं गाव नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर एफटीआयआय म्हणजे भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत १९७४पासून दूरचित्रवाणीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांचे एक वर्षाचे अभ्यासक्रम चालतात. विद्यापीठाच्या आवारातल्या ईएमएमआरसी या शैक्षणिक माध्यम केंद्रात शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती होते. पण पदवी हा एकमेव दरवाजा नव्हे. चित्रपट दिग्दर्शिका सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्य आणि संशोधनातल्या. १९८५मधला त्यांचा पहिला लघुपट वस्तीतल्या स्त्रियांच्या अभ्यासातून आला, चित्रपटाच्या शाळेतून नव्हे.

प्रस्ताव पाठवताना पाच गोष्टी लागतात: विषय एका वाक्यात, एक पानाचा गोषवारा, मांडणी कशी असेल याची दोन-तीन पानं, मुख्य व्यक्तीची किंवा संस्थेची लेखी संमती आणि अंदाजपत्रक. सोबत दोन-तीन मिनिटांचा नमुना जोडला तर उत्तम. नाकारले गेलेले प्रस्ताव पुष्कळदा ‘विषय’ सांगतात, पण माहितीपट सांगत नाहीत. ‘मुठा नदीचं प्रदूषण’ हा विषय झाला. कोण, कुठे, कोणत्या काळात आणि काय घडताना दिसणार, हे लिहिलं की तो माहितीपट होऊ लागतो.

करारात तीन कलमं डोळ्यांत तेल घालून वाचा. पहिलं हक्काचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. पैसे वाहिनीचे असतील तर हक्कही बहुधा तिच्याकडेच जातात, म्हणून महोत्सवात दाखवण्याची मुभा आधीच लिहून घ्या. दुसरं दुरुस्त्यांचं. ‘समाधान होईपर्यंत बदल’ असं असेल तर खोडून ‘दोन फेऱ्या’ करा. तिसरं हप्त्यांचं. शेवटचा हप्ता हमखास रखडतो, तेव्हा तो लहानात लहान ठेवा. प्रक्षेपणानंतर पैसे मिळतील असं लिहिलेलं कधीही मान्य करू नका, कारण प्रक्षेपणाची तारीख तुमच्या हातात नसते.

निवृत्त शिक्षक आहे. कसब्यातल्या तांबट आळीतल्या कारागिरांवर २५ मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. मोबाइलवर चाचणी घेतली, पण ठोक्यांपुढे बोलणं ऐकूच येत नाही आणि भांडी पांढरी फटक दिसतात. – कसबा पेठ

सर, विषय उत्तम निवडलात, आणि अडचणी नेमक्या त्याच विषयाच्या आहेत. आधी आवाज.

हातोडीचा ठोका क्षणभराचा पण अतिशय उंच असतो. मोबाइल किंवा कॅमेरा ‘ऑटो’वर असला की ठोक्यासरशी तो सगळा आवाज खाली ओढतो आणि मागोमागचे शब्द बुडतात. म्हणून ऑटो गेन, म्हणजे पातळी आपोआप वरखाली करणारी सोय, बंद. बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हाताने लावा. दोन ट्रॅक मिळत असतील तर दुसरा ट्रॅक दहा-बारा डेसिबल खाली ठेवा. फार मोठ्या आवाजाने पहिला फाटला, म्हणजे खरखरला, तर दुसरा वाचवतो. वायरलेस लॅपल (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) वापरत असाल तर बोलणाऱ्याच्या अंगावरच्या ट्रान्समीटरची संवेदनशीलताही कमी करा. आवाज तिथेच फाटला असेल तर रेकॉर्डरवर कितीही खाली घेतलात तरी फाटलेलाच राहतो, आणि नेमकी हीच गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही.

तरीही मुलाखत ठोके चालू असताना घेऊ नकाच. जेवणाच्या सुट्टीत घ्या, आणि शेजारच्या दोन-तीन दुकानांनाही आधी विचारून ठेवा. ठोका भिंतीतून येतो. लॅपल हनुवटीखाली साधारण एक वीत. सुती सदऱ्यावर लावा, टेरिकॉट खसखसतं. पंखा बंद. बोलणं संपल्यावर कोणालाही हलू न देता त्याच जागेचा एक मिनिटभर नुसता आवाज घेऊन ठेवा. वाक्यं कापून जोडताना मधल्या फटी त्यानेच बुजतात. कामाचा आवाज वेगळा, माइक दीड-दोन मीटर लांब ठेवून, दहा मिनिटं सलग घ्या. हातोडीचा ठोका हा फुकटचा क्लॅप आहे. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज चित्राशी जुळवायला त्याहून सोपं काही नाही. आणि श्रावणापासून भाद्रपदापर्यंतच्या संध्याकाळी टाळा. कुठल्या तरी पथकाचा ढोल वाजतच असतो आणि ढोल कोणत्याही फिल्टरने निघत नाही.

आता चमक. ती धातूवरची असल्यामुळे पोलरायझर फिल्टर लावून जात नाही. तो काच आणि पाण्यावर चालतो. भांड्यावर थेट दिवा मारू नका. पांढरी चादर किंवा थर्माकोलचा मोठा तक्ता दारातल्या उजेडासमोर तिरपा धरा, म्हणजे तांब्यात दिव्याच्या ठिपक्याऐवजी मऊ पांढरा पट्टा दिसेल. भांड्यात कॅमेरा आणि तुम्ही दिसत असाल तर काळं कापड पुढे टांगून त्याला भोक पाडा आणि भिंग त्यातून काढा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सोय, ऑटोवर नको. चौकटभर तांबं आलं की कॅमेरा तो लालसरपणा ‘सुधारायला’ जातो आणि दर शॉटला भांडं वेगळ्या रंगाचं होतं. दारातून येणारा दिवसाचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र असतील तर ट्यूब घालवा.

चित्रण करताना एकच भांडं धरा, समजा एक घंगाळ. पत्र्याच्या कापणीपासून उजळण्यापर्यंत त्याच्या मागे जा. प्रत्येक पायरीला चार चौकटी हव्यात: संपूर्ण जागा, कंबरेपासून वर, हात, आणि चेहरा. प्रत्येक शॉट हलवण्याआधी मनात दहा मोजा. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके उमटवणं, मात्र एकदा झालं की झालं. पडलेला ठोका परत घेता येत नाही. म्हणून त्याच आकाराचं दुसरं भांडं राखून ठेवायला कारागिरांना सांगा आणि हातांचे जवळचे शॉट त्यावर घ्या. त्यांच्या मोडलेल्या दिवसाचे पैसे द्या. त्याला मुलाखतीचा मोबदला समजायचं कारण नाही. तेवढा वेळ त्यांची हातोडी थांबलेली असते.

एक शेवटचं: दुकानात रेडिओ लागलेला असतो. तो बंद करवा. हक्कांचा प्रश्न आहेच, पण त्याआधी दोन वाक्यं जोडली की मागचं गाणं उडी मारतं.

आमचे आजोबा एरवी रंगून सांगतात, कॅमेरा लागला की भाषण ठोकतात. – सदाशिव पेठ

प्रश्न तुमचे भाषणाचे असणार. ‘तेव्हाच्या परिस्थितीविषयी काय सांगाल?’ याला भाषणच मिळतं. ‘त्या दिवशी सकाळी घरातून निघालात तेव्हा बरोबर कोण होतं?’ असं विचारा. तुमचा प्रश्न नंतर कापला जाणार आहे, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात हवं: ‘एकसष्टमध्ये’ एवढंच उत्तर वापरता येत नाही, ‘एकसष्टमध्ये धरण फुटलं तेव्हा’ असं आलं पाहिजे. कॅमेरा सुरू आहे हे आजोबांना जरूर सांगा, पण पहिली दहा मिनिटं बिनमहत्त्वाची समजून चालू द्या. आणि त्यांचं बोलून झालं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. गप्प बसा. पुष्कळदा कामाचं वाक्य त्यानंतर येतं. आजींना मात्र दुसऱ्या खोलीत बसवा. त्या दुरुस्त्या करतात.

१४ तासांचं चित्रीकरण झालं आहे, माहितीपट २६ मिनिटांचा हवा. कुठून कापायला घेऊ? – औंध

कापायला घेऊच नका. आधी लिहायला घ्या. प्रत्येक मुलाखत टाइमकोडसह (कोणतं वाक्य कितव्या मिनिट-सेकंदाला आहे ते लिहून) शब्दशः उतरवा. एका तासाच्या बोलण्याला चार ते सहा तास लागतात. संगणकाकडून मराठी उतरवून घेतलंत तरी आडनावं आणि गावांची नावं तपासावीच लागतील. छापून घ्या, कामाची वाक्यं रेघांनी वेगळी करा, कात्रीने कापून जमिनीवर मांडा आणि क्रम बदलून बघा. हा क्रम मोठ्याने वाचून घड्याळ लावा.

मग चित्राचा विचार न करता फक्त बोलण्याचा जोड करा आणि डोळे मिटून ऐका. ऐकताना गोष्ट कळत नसेल तर चित्रांनी कळणार नाही. पहिला जोड ५० मिनिटांचा होतो, त्याने घाबरू नका. त्यातलं एकच सांगणारी दोन माणसं शोधा आणि एकाला काढा. साधारण ३५ मिनिटांवर आल्यावर चित्रं बसवा. निवेदन सर्वांत शेवटी, आणि संथ वाचनाला मिनिटाला सुमारे १०० शब्द धरून. पडद्यावर बैलगाडी दिसत असताना निवेदकाने ‘ही बैलगाडी’ म्हणायचं नसतं. ती कोणाची, आणि आज इथे का, हे सांगायचं.

कार्डं आणि हार्ड डिस्क यांचा हिशेब कसा ठेवायचा? – हडपसर

१०० मेगाबिट वेगाने चित्रण केलंत तर तासाला ४५ गिगाबाइट. वरच्या पत्रातले १४ तास म्हणजे ६३० गिगाबाइट. एवढं दोन वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरात. कार्डातल्या फक्त क्लिप उचलू नका, सगळा फोल्डर जसाच्या तसा उतरवा. लांब क्लिप तुकड्यांत साठवलेली असते आणि जोडणारी माहिती बाजूच्या फाइलींत असते. पहिली, मधली आणि शेवटची क्लिप उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. हे काम थकलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता देऊ नका.

मोबाइलवर घरात चित्रण केलं की आडवे पट्टे फिरतात. – धनकवडी

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर असतो. तो २५ फ्रेमवर आणा आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधा. आपल्या दूरचित्रवाणीचं गणितही २५चंच. स्वस्त एलईडीचे पट्टे तरीही राहिले तर दिवा बदला.

जुन्या अल्बममधले आणि वर्तमानपत्रातले फोटो वापरता येतील का? – नारायण पेठ

फोटो ज्याच्या कपाटात आहे तो हक्काचा मालक असतोच असं नाही. फोटोचा हक्क पूर्वी प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकत असे; २०१२च्या कायदादुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे कुटुंबाची संमती घ्या आणि मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचाही माग काढा. जुनी चित्रफीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सापडली तरी तिथे असते ती प्रत. परवानगी हक्कधारकाकडूनच आणावी लागते. फोटो अल्बममधून उचकटू नका. खिडकीजवळ, उन्हाबाहेर, कॅमेरा बरोबर समोर धरून टिपा, नाहीतर चौकट निमुळती येते.

भारतातला पहिला माहितीपट पुण्याचा, हे खरं का? – डेक्कन

नाही. तो मान सहसा सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकरांच्या चित्रणाला देतात: १८९९, मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती. पुण्याचा संबंध पुढच्या एका चित्रणात येतो. रँग्लर परांजपे १९०१मध्ये इंग्लंडहून परतले, तेव्हाचं स्वागत सावेदादांनी टिपलं. हेच परांजपे पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

वाहिनीला फिल्म देताना काय काय द्यावं लागतं? – पिंपरी

वाहिनीची तांत्रिक अटींची यादी संकलन सुरू होण्याआधीच मागून घ्या. आवाजाची पातळी, सुरुवातीची काळी पट्टी, जाहिरातींसाठीचे खंड, सगळं त्यात असतं. पुष्कळ ठिकाणी आवाज उणे २३ एलयूएफएसवर (हे संपूर्ण कार्यक्रमाच्या सरासरी आवाजाचं माप) मागतात. मागितलं नसलं तरी दोन गोष्टी स्वतःसाठी करून ठेवा: पडद्यावर एकही अक्षर नसलेली प्रत, आणि निवेदन, मुलाखती, संगीत व परिसराचा आवाज असे वेगवेगळे ट्रॅक. वर्षभराने कोणी हिंदी आवृत्ती मागितली तर एवढ्यावर ती आठवड्यात होते. संगीतासह एकच मिश्र ट्रॅक शिल्लक असेल तर निवेदन काढता येत नाही आणि सगळं मिश्रण नव्याने करावं लागतं.