पुस्तक आईच्या ओट्यावर ठेव

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दहावीची परीक्षा तोंडावर आली असताना आई-बाबा ‘किती झाले’ असे विचारून भंडावून सोडतात आणि अभ्यासात मात्र काहीच मदत करू शकत नाहीत, ही तुझी तक्रार वाचून मला थोडे हसू आले. कारण माझी मुलगी दहावीला होती तेव्हा मी शिक्षक असूनही दर अर्ध्या तासाने तिच्या खोलीत डोकावून हाच प्रश्न विचारीत असे, आणि शेवटी तिने आतून कडी लावून घेतली. काळजी वाटते पण करावे काय ते सुचत नाही, म्हणून आईबाप विचारत राहतात. तेव्हा त्यांना काम तूच नेमून दे.

संध्याकाळी आई पोळ्या लाटत असताना विज्ञानाचे पुस्तक मिटून ओट्यावर ठेव आणि दुपारी वाचलेला भाग तिला तोंडी सांग. तिचे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे, हे इथे तुझ्या फायद्याचेच आहे. न्यूलँड्सचा अष्टकांचा नियम सांगू लागलास की ती विचारील, ‘अष्टक म्हणजे देवाचे म्हणतो तसे का रे?’ मग तुला सांगावे लागेल की जसा आठवा सूर पुन्हा सा, तसे त्या काळी माहीत असलेली मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडून लिथियमपासून मोजत गेल्यास आठवे सोडियम येते आणि दोघांचे गुणधर्म जुळतात. शिवाय हा नियम कॅल्शियमपर्यंतच नीट चालतो. जिथे अडखळशील, तेवढेच पान पुन्हा वाच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की, उतारा वारंवार वाचणारे विद्यार्थी ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असले, तरी आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न बघता आठवून लिहिणारेच त्यांच्या पुढे गेले.

बाबा इतवारीतून दुकान बंद करून उशिरा परततात, म्हणून त्यांच्याकडे रविवारची सकाळ सोपव. भूमितीची जुनी प्रश्नपत्रिका त्यांनी तुझ्यापुढे ठेवावी, घड्याळ लावावे आणि २ तास होताच, उत्तर अर्धे राहिले असले तरी, पेपर काढून घ्यावा. ४० गुणांच्या पेपरात कोणत्या प्रश्नापाशी वेळ जातो, ते असे बसल्याशिवाय कळत नाही. तपासण्याचे काम शाळेतल्या सरांवर सोड.

फेब्रुवारीतली लग्नसराई आणि जवळच्या लॉनवरचा डीजे यांवर मात्र माझ्याजवळ इलाज नाही. त्या दिवशी लवकर झोपून पहाटे उठावे, एवढेच सुचते.

शेजारच्या मुलाच्या टक्क्यांवरून बाबा बोलतात, त्याबद्दल तू वाद घालू नकोस. पुढल्या आठवड्यात माझे इतवारीत काम आहे, तेव्हा दुकानावर चहाला बसून मीच त्यांच्याशी बोलेन.