गोधडी, वाकळ, रजई : धुणं, वाळवणं आणि डागडुजी

पावसाळा सरत आला की या सदराकडे पांघरुणांचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी त्यांतले सहा निवडले आहेत. मशीनचा प्रश्न बहुतेकांनी विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : घरात हाताने शिवलेल्या दोन गोधड्या आहेत, प्रत्येकी पाच-सहा थरांच्या. घट बसण्याआधी धुवायच्या आहेत. सात किलोच्या टॉप लोड मशीनमध्ये टाकल्या तर चालतील का? (वाचक, चिंचवड)

उत्तर : धुण्यासाठी नको, फक्त पाणी काढण्यासाठी मशीन वापरा. टॉप लोड मशीनच्या तळाशी फिरणारी चकती असते. गोधडीचं एखादं टोक तिच्यात सापडलं की ती गोधडीला पीळ घालते. मग धावदोऱ्याचे टाके एका बाजूने ताणले जातात आणि आतले थर सरकतात. एकदा सरकलेला थर पुन्हा जागेवर बसत नाही. तिथे कायमची घडी पडते आणि पाठीला टोचत राहते.

धुण्याआधी गोधडी खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहा. उसवलेले टाके आधी घालून घ्या, कारण ओल्या गोधडीत सुटलेला दोरा ओढला गेला तर अख्खी ओळ उसवते. मग रंग तपासा. पांढरा सुती रुमाल ओला करून लाल, जांभळ्या किंवा काळ्या भागावर पाच मिनिटं दाबून ठेवा. गोधडीतल्या जुन्या साड्या सहसा दगा देत नाहीत. त्यांचा सुटायचा तेवढा रंग केव्हाच सुटलेला असतो. रंग सोडतो तो कडेला नव्याने लावलेल्या कापडाचा गोट. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो हा समज मात्र सोडून द्या. रंगवताना मिठाचा उपयोग असतो, रंगून झालेल्या कापडावर नाही. रुमालाला रंग लागला तर गार पाणी वापरा, भिजवत ठेवू नका आणि काम झटपट उरका.

रंग पक्का असेल तर मोठ्या टबात कोमट पाणी घ्या आणि त्यात पातळ डिटर्जंट घाला, नेहमीच्या निम्मंच. पावडर टाळा. पाच थरांत शिरलेली पावडर पूर्ण निघत नाही. वाळल्यावर गोधडी कडक होते आणि मळही लवकर धरते. अर्धा तास भिजवणं पुरेसं आहे. रात्रभर भिजवल्याने मळ जास्त निघत नाही, उलट सुटलेला मळ पुन्हा थरांत मुरतो. भिजल्यावर गोधडी बाथरूमच्या स्वच्छ फरशीवर टाकून पायांनी तुडवा. धोपाटणं नको आणि दगडावर आपटणं तर नकोच, त्याने विरलेल्या साडीचे धागे तुटतात. त्यानंतर पाणी नितळ येईपर्यंत खळबळा. चार पाणी तरी लागतंच.

पिळायचं मात्र नाही. गोधडीची गुंडाळी करून दाबा, मग पालथ्या घातलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर तासभर निथळू द्या. मशीनमध्ये फक्त स्पिन द्यायचा असेल तर एका वेळी एकच गोधडी घ्या आणि ती ड्रमच्या कडेने गोल, सगळीकडे सारख्या जाडीची बसवा. एका बाजूला गोळा झाली की मशीन धडधडतं आणि मध्येच थांबतं. वेग सगळ्यात कमी ठेवा.

गोधड्यांचं खरं नुकसान होतं ते वाळवताना. ओली गोधडी वजनाला दुपटी-तिपटीची होते. ती एका दोरीवर टाकली की सगळा भार मधल्या घडीवर येतो आणि जुनी साडी नेमकी तिथेच फाटते. तीन समांतर दोऱ्यांवर झोळीसारखी आडवी पसरा, नाहीतर गच्चीवर खाट टाकून तिच्यावर. उलटी बाजू उन्हाकडे ठेवा म्हणजे वरचे रंग उडत नाहीत. दुपारी एकदा पालटा. वाळली की नाही हे वरून हात लावून कळत नाही. दोन तळव्यांमध्ये गच्च दाबून धरा. आतून गारवा जाणवला तर अजून एक दिवस ऊन हवं.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. घट बसण्याआधीच्या आठवड्यात पुष्कळदा पाऊस उघडलेला नसतो. सलग दोन दिवस कडक ऊन मिळणार नसेल तर त्या वेळी फक्त वरचे अभ्रे-चादरी धुवा आणि गोधड्यांना ऑक्टोबरचं ऊन मिळू द्या. अर्धवट वाळलेली गोधडी घडी करून ठेवण्यापेक्षा न धुतलेली बरी.

प्रश्न : पन्नासेक वर्षांची वाकळ आहे. मधला भाग शाबूत आहे, कडा मात्र पार विरल्या आहेत आणि आतली साडी दिसते. दुरुस्त होईल का? (वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : होईल, आणि दिवाळीच्या आत होईल. कडा आधी जातात, कारण पांघरूण ओढताना हात तिथेच पडतो.

वाकळ साडेतीन फूट बाय साडेसहा फूट धरली तर चारही कडा मिळून वीस फूट भरतात. गोटासाठी चार इंच रुंदीच्या पट्ट्या कापा. 44 इंच पन्ह्याच्या सुती कापडातून आडव्या सहा पट्ट्या काढल्या की पुरतं, म्हणजे साधारण 60 सेंटिमीटर कापड. ते आधी धुऊन, वाळवून मगच कापा; न धुतलेलं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि वाकळीच्या कडा चुण्या पडून आत वळतात. पट्टीच्या दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच आत मुडपल्या की वाकळीच्या दोन्ही अंगांना दीड-दीड इंच गोट दिसतो. विरलेला भाग दीड इंचापेक्षा आत गेला असेल तर पट्टी तेवढी रुंद घ्या. गोटाचा टाका नेहमी शाबूत कापडात पडला पाहिजे, विरलेल्या कापडात घातलेला टाका कशालाच धरत नाही.

दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा टिकाऊ म्हणून घेतला जातो, पण जुन्या सुती साडीपेक्षा तो कितीतरी चिवट असतो. ओढ बसली की दोरा तुटत नाही, साडी कापली जाते. सुती दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची असावी, पण दाभण नको, त्याची भोकं मोठी राहतात. टाका पाव इंचाचा घाला आणि प्रत्येक टाका सगळ्या थरांतून आरपार गेला ना, ते पाठीमागे बोट फिरवून पाहत राहा. नुसत्या वरच्या थराला धरलेलं ठिगळ दोन धुण्यांत पिशवीसारखं सुटं होतं.

मध्ये ठिगळ लावायचं झालं तर ते वापरलेल्या, मऊ झालेल्या कापडाचं लावा आणि विरलेल्या भागाच्या चहूबाजूंनी दोन इंच बाहेर जाऊ द्या. नव्या कडक कापडाचं ठिगळ स्वतः टिकतं आणि शेजारचं जुनं कापड फाडतं.

वरचा सगळाच थर गेला असेल तर उसवत बसू नका. जुनी वाकळ आत ठेवून तिच्यावर नवी चढवण्याची पद्धत आहे, आणि ती उत्तम आहे. साडेपाच मीटरच्या एका सहावारीत दोन्ही बाजू होतात आणि सुमारे दीड मीटर उरते, त्यातच गोट निघतो. जरीचा पदर मात्र बाजूला काढा. टाके कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे आणा. त्यासाठी आधी सगळे थर मधून कडांकडे हाताने सपाट करून, वीत-वीत अंतरावर टाचून घ्यावे लागतात. टाचण्याचा कंटाळा केला की शेवटच्या फेरीत मध्यभागी फुगा येतो आणि तो मग काही केल्या जात नाही.

प्रश्न : जयपुरी रजई घरी धुतली. आता कापूस एका बाजूला गोळा झाला आहे. (वाचक, नाशिक)

उत्तर : हाताने सारखा करून तो नीट होणार नाही. कापूस भरलेलं पांघरूण गोधडीसारखं धुता येत नाही. गोधडीत विणलेल्या कापडाचे थर असतात. रजईत मोकळे तंतू असतात. ते पाण्यात एकमेकांत गुंततात आणि वाळताना त्यांच्या गाठी होतात. हलकी जयपुरी रजई ऊबदार असते ती पिंजलेल्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. गाठींमध्ये हवा राहत नाही, म्हणून वजन तेवढंच असूनही आता ती थंडी अडवणार नाही.

गादीवाल्याकडे किंवा पिंजाऱ्याकडे न्या. एक बाजू उसवून कापूस काढतात, मशीनवर पिंजतात, थोडा नवा कापूस मिसळून पुन्हा भरतात आणि टाके घालतात. कापूस तुमच्यासमोर पिंजून घेतला तर उत्तम, म्हणजे तोच परत मिळतो. पिंजताना थोडी घट येते, त्याबद्दल वाद घालू नका.

पुढे रजईला सुती खोळ घाला आणि दर दोन-तीन आठवड्यांनी फक्त खोळ धुवा. रजईवर चहा-दूध सांडलं तर तिथला कापूस बोटांनी चाचपत बाजूला सारा आणि तेवढंच कापड चिमटीत धरून धुवा. जिथे टाके इतके जवळ आहेत की कापूस सरकत नाही, तिथे ओल्या फडक्याने टिपून घेणं एवढंच हाती उरतं.

प्रश्न : बाळाची दुपटी डांबराच्या गोळ्या घातलेल्या ट्रंकेतून काढली. धुऊन वापरली तर चालतील ना? (वाचक, सोलापूर)

उत्तर : लगेच नाही. या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात आणि त्यांची वाफ कापडात मुरते. जी-सिक्स-पीडी हे विकर ज्या बाळांमध्ये जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. आपल्या बाळात ही कमतरता आहे का, हे तपासणीशिवाय कळत नाही. दुपटी बाजूला ठेवा आणि सध्या दुसरी वापरा. ही धुऊन उघड्यावर वारा-ऊन द्या, असं पुन्हा पुन्हा करा. नाकाशी धरल्यावर जरासाही वास येत असेल तोवर बाळाजवळ आणू नका. बाळ पिवळं दिसलं, मलूल वाटलं किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि गोळ्यांचं आवर्जून सांगा.

दुपटी अंगाखाली घालायला छान असतात. पण वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळावर सुटी गोधडी किंवा रजई घालू नये, ती तोंडावर येऊ शकते. त्यापेक्षा अंगात एक कपडा जास्त घाला.

शू झालेलं दुपटं गार पाण्यातून काढून मग साबण लावा. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू होतो.

प्रश्न : कपाटातल्या गोधड्यांना कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडले आहेत. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ही बुरशी आहे. घरात झटकू नका, ती सगळीकडे पसरेल. नाकाला फडकं बांधून गोधड्या बाहेर न्या, आधी उन्हात कोरड्या होऊ द्या, मग मऊ ब्रशने झाडा आणि त्यानंतर धुवा. ठिपक्यांवर ऑक्सिजन ब्लीच पाकिटावरच्या प्रमाणात चालतं, मात्र आत रेशमी साडी असेल तर नको. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवण्याचा घरगुती उपायही करता येतो, पण नंतर लिंबू पूर्ण धुऊन काढा. कापडात राहिलेलं आम्ल सूत कमजोर करतं. जुने ठिपके पूर्ण जातीलच असं नाही. वास मात्र जायलाच हवा. तो राहिला तर आत ओल आहे असं समजा.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, जुन्या धोतरात गाठोडं बांधा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर घ्या. खळ दिलेलं कापड तसंच ठेवलं तर कसर लागते. रेशमी साडीची गोधडी वेगळी ठेवा आणि दर दोन महिन्यांनी उलगडून पाहा. किडा सुती कापड सोडून आधी रेशमावर जातो.

प्रश्न : हळदीचा डाग साबण लावताच लाल झाला! (वाचक, लंडन)

उत्तर : घाबरू नका, साबणातल्या अल्कलीने हळद लाल होते. खळबळल्यावर पुन्हा पिवळी दिसेल. उरलेला पिवळेपणा ऊन काढतं. तुमच्याकडे ऊन कमी, म्हणून खिडकीच्या काचेशी डागाची बाजू बाहेर करून दोन-चार दिवस ठेवा. ड्रायरचा मोह टाळा. गोधडीत सुती आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या एकत्र असतील तर उष्णतेने सुती थर आटतो, दुसरा आटत नाही, आणि सगळी गोधडी चुरगळते. कपडे वाळवायच्या स्टँडच्या तीन-चार दांड्यांवर आडवी पसरा आणि शेजारी पंखा लावा.