दप्तरं नकोत, मानधन द्या म्हणाले

प्रश्न : ताई, आम्ही आठ-दहा मित्र दरवर्षी एका आदिवासी पाड्यावर दप्तरं, ब्लँकेट्स वाटतो. यंदा तिथे वनहक्कावर काम करणाऱ्या संघटनेने सांगितलं, वस्तू नकोत, दोन कार्यकर्त्यांचं मानधन आणि प्रवासखर्च द्या. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात पगारात पैसे वाया जातील, शिवाय हे आंदोलनवाले. काय करावं?
– एक वाचक

उत्तर : द्या. आणि एका वर्षाचं नको, निदान तीन वर्षांचं कबूल करा.

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून जंगलावर हक्क मागण्याचा, दावा कसा होतो ते एकदा बघा म्हणजे पैसे कुठे जातात ते कळेल. 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका, म्हणजे लोकांनी मजुरी बुडवून यायचं, कोरम नाही भरला की सभा पुन्हा. मग म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या, जंगलाची हद्द फिरून नकाशा करा, शेजारच्या गावाशी हद्दीवरून बोला, मग उपविभागीय समिती, तिथे फेटाळला तर 60 दिवसांत अपील, मग जिल्हा समिती. हे सगळं कोणीतरी घरोघर जाऊन, तालुक्याला खेटे घालून करतं तेव्हा होतं. त्या माणसाचं घर कशावर चालायचं?

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) घ्या. गावातले नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने कित्येक वर्षं अभ्यासगट चालवले, निर्णय सर्वसहमतीने घेतले. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतुकीचा पास मिळेपर्यंत 2011 उजाडलं. म्हणजे कागद हातात आल्यावरही दोन वर्षं लढावं लागलं. या कामात फोटो काढण्यासारखं काय होतं सांगा, बैठका आणि बैठकाच! म्हणून तर मी तीन वर्षं म्हणते.

आंदोलनवाले म्हणताय, पण कायद्यातलाच हक्क मागतायत ना ते? राजस्थानात 1990 पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांवरच्या मजुरांच्या हजेरीपटाचा हिशोब मागितला आणि त्यातूनच पुढे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याची मागणी देशभर गेली. ही संघटना संस्थांकडून निधी घेत नाही, साध्या लोकांच्या देणग्यांवर चालते. तुमच्यासारख्यांच्या पैशाला इथे खरंच वजन आहे, कारण कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, बहुतेक दिसणाऱ्या प्रोजेक्टकडे जातो आणि परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला 2020 नंतर ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, मग पाड्यावरच्या छोट्या संघटनेपर्यंत काय पोचणार?

हिशोब जरूर मागा. वर्षातून एकदा जमाखर्च बघा, पावती घ्या, आणि गाव स्वतः वर्गणी काढतं का हे आवर्जून विचारा, मला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. देणगीवरची आयकरातली सूट कदाचित मिळणार नाही, तेवढ्यासाठी मागे फिरू नका. पण कुठली मागणी आधी लावून धरायची, मोर्चा काढायचा की अर्ज करायचा, हे गाव ठरवेल, त्यात पैसे देणाऱ्याने पडायचं नाही.

जे नाही म्हणतायत त्यांना एखाद्या ग्रामसभेला घेऊन जा, आधी गावाला विचारून. मागे बसा आणि भाषण करायला सांगितलं तरी नको म्हणा.