दाराशी थांबणारी मुलगी

प्रिय वाचक,

वडील आईला मारत, तुम्ही मध्ये पडलात की पट्टा तुमच्यावर उतरे, आणि आपण कधीही कुणावर हात उगारायचा नाही अशी ११व्या वर्षी घेतलेली शपथ तुम्ही गेली २७ वर्षे पाळली आहे, हे तुमच्या चार पानी पत्रातून कळले. राग आला की तुम्ही बोलणे टाकता, कधी दोन दिवस तर कधी आठ, आणि पत्नीला हा अबोला सोसवत नाही. तिला तुमचे बालपण कसे समजावून सांगावे, असे तुम्ही विचारता.

त्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिले आहे: ‘मुलगी सात वर्षांची आहे, पण फार समजूतदार, माझ्या खोलीत येण्यापूर्वी आईला विचारते, आज बाबा कसे आहेत?’ तुम्ही हे कौतुकाने लिहिलेत. मला मात्र त्यापुढे बराच वेळ वाचवले नाही.

जिन्यावरच्या पावलांवरून वडिलांचा नूर ओळखून वह्या-पुस्तके गुपचूप आवरणारा मुलगा दुसऱ्या पानावर आहे, आणि तुम्हाला दोघांतले साम्य दिसू नये, याचा मला खरोखर राग आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०११ मध्ये, घरात हिंसा अनुभवलेल्या मुलांच्या मेंदूचे स्कॅन घेताना त्यांना रागावलेले चेहरे दाखवले. धोक्याची चाहूल घेणारे मेंदूचे भाग इतर मुलांपेक्षा त्यांच्यात अधिक जोराने जागे झाले. युद्धावर जाऊन आलेल्या सैनिकांतही असेच आढळले होते. बाहेरून पाहता ही मुले धडधाकट होती, कोणाला मानसिक आजार नव्हता. ही सावधगिरी लहानपणी तुमच्या उपयोगी पडली, पण घर बदलले तरी ती आपोआप उतरत नाही. तुमच्या लेखी अबोला म्हणजे संयम असेल. मुलीला मात्र त्याचे कारण ठाऊक नाही, आणि कारण कळले नाही की मुले ते स्वतःतच शोधतात. तुम्ही तिच्यावर हात उगारला नाहीत हे खरे आहे, आणि ते लहान नाही, तरीही ती पहाऱ्यावर उभी आहे.

म्हणून पत्नीला समजावण्याचे बाजूला ठेवा आणि बालपणीच्या आघातांवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची वेळ याच आठवड्यात घ्या. आघातानंतरच्या विकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस केली आहे; दुसऱ्या पद्धतीत जुनी आठवण मनात धरून उपचारकाच्या हलणाऱ्या बोटांकडे पाहायचे असते. तुम्हाला कोणती लागू पडेल, किंवा आणखी काही लागेल का, हे ते तपासून ठरवतील. ‘मी ठीक आहे’ हे उत्तर मला नको. ते तुम्ही पत्रात तीनदा लिहिले आहे.

वेळ ठरली, की त्याच संध्याकाळी मुलीला जवळ बसवा आणि सांगा, की बाबांच्या मनात लहानपणीची भीती आहे, ती कमी करायला बाबा मदत घेणार आहेत, आणि बाबा गप्प बसतात त्यात तुझी काही चूक नसते. ती लगेच काही बोलणार नाही, तिला बोलते करू नका. पुढच्या वेळी तोंड मिटून घ्यावेसे वाटले, तर एवढे तिला सांगा आणि मगच गप्प व्हा.