‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मुलगी नाटक करते’

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी गेले तीन महिने सकाळी उठल्यावर लंगडते. उजवा गुडघा आखडलेला व किंचित सुजलेला असतो, जिना ती बसत बसत उतरते. दुपारी मात्र खेळू लागते. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा दवाखान्यातील सिस्टर तिच्यासमोरच म्हणाल्या, ‘शाळा चुकवायची नाटकं आहेत, तुम्हीच लाडावून ठेवलंय.’ दुसऱ्या ठिकाणी रक्ततपासणीत एएसओ (घशाच्या जंतुसंसर्गानंतर वाढणारा घटक) वाढलेले आढळल्याने दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायला सांगितले. आता मुलगी दुखते हेसुद्धा सांगत नाही. काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : मुलीला न तपासता निदान करणे योग्य नाही, परंतु तुम्ही लिहिलेली लक्षणे बालसंधिवाताशी जुळतात आणि ती नाटकाची मुळीच वाटत नाहीत. सोळा वर्षांखालील मुलाच्या सांध्याला सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ सूज राहिली आणि तिचे दुसरे कारण सापडले नाही, तर हे निदान करतात. लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्येच मुलांच्या या दुखण्याचे वर्णन केले होते, तरीही ते नेमके कशामुळे सुरू होते हे आजही पुरते उलगडलेले नाही. ते पक्के ठरवणारी एकही रक्ततपासणी नाही. आरए फॅक्टर ही संधिवातासाठीची रक्तचाचणी बहुतेक मुलांत निगेटिव्हच येते आणि शरीरातील सूज दाखवणारी ईएसआर ही चाचणीही नॉर्मल असू शकते.

ओपीडीत नंबर लागेपर्यंत अकरा वाजतात, तोवर सांधा मोकळा झालेला असतो, आणि समोर धावणारी मुलगी व नॉर्मल रिपोर्ट पाहून आईच घाबरट आहे असा समज करून घेतला जातो. गर्दी मी जाणतो, या आजाराची ओळख शिक्षणात ओझरती होते हेही जाणतो. पण मुलीला तिच्या तोंडावर खोटे ठरवण्याचे समर्थन मी करणार नाही, कारण बोलून उपयोग नाही हे कळलेले मूल पुढच्या वेळी डॉक्टरांनाही काही सांगत नाही. वाढीच्या वयातील पायदुखी बहुधा संध्याकाळी किंवा रात्री होते आणि सकाळी मूल पळत असते. तुमच्याकडे नेमके उलटे आहे, आणि एवढा फरक विचारून घ्यायला मिनिटही लागत नाही.

एएसओ वाढणे म्हणजे घशाला पूर्वी जंतुसंसर्ग होऊन गेल्याची खूण; निरोगी शाळकरी मुलांतही ते वाढलेले आढळते. पेनिसिलिनची ही इंजेक्शने संधिज्वरासाठी, म्हणजे घशाच्या अशा संसर्गानंतर येणाऱ्या सांधेदुखीच्या तापासाठी देतात; पण संधिज्वरात सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते, ती तीन महिने एकाच गुडघ्यात मुक्काम करत नाही. म्हणून ही इंजेक्शने खरोखर लागणार आहेत का, हे बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा.

उद्या सकाळी ती अंथरुणातून उठते तेव्हापासूनचा व्हिडिओ मोबाइलवर काढा, सुजलेल्या गुडघ्याचा फोटो घ्या आणि दोन्ही घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा. शक्य असल्यास मुलांचे संधिवात पाहणारे तज्ज्ञ गाठा. त्यांनी बालसंधिवाताची शंका घेतली, तर नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पने (डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या उपकरणाने) डोळे तपासून घेण्यात दिरंगाई करू नका. या आजारात डोळ्याला आतून येणारी सूज अनेकदा लाली किंवा वेदना न होताच वाढते आणि दृष्टीला धोका पोहोचवते. निदान वेळेत झाले, तर सांध्यातील इंजेक्शन, मेथोट्रेक्झेट हे संधिवाताचे औषध आणि व्यायाम यांनी बहुतेक मुले चांगली हिंडूफिरू लागतात. तोवर शाळेच्या बाईंना भेटून सकाळी थोडा उशीर चालेल असे ठरवून घ्या, आणि तुझे दुखते हे आम्हाला खरे वाटते, असे मुलीला आजच सांगा.